उत्तरेची बाजू

गल्लीत मला सगळे उस्ताद म्हणतात. म्हणा असं मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण नका म्हणू असंही कधी म्हटलं नाही. एकतीस वर्षं मी टूसॉनच्या वाळवंटी शहरात सग्वारो निवडुंग हलवले. कुठे रस्ता रुंद होणार, कुठे नवी घरं होणार, कुठे दुकानांची रांग उभी राहणार, की आधी मला बोलावणं यायचं. माणसाच्या चौपट उंचीचे, हात वर करून उभे असलेले ते काटेरी म्हातारे मी मुळासकट उचलले, दुसरीकडे नेऊन उभे केले, आणि त्यातले बहुतेक अजून उभे आहेत. गाडीतून जाताना मी बायकोला दाखवायचो, "तो बघ, तो माझा." अंपारो म्हणायची, "हो का? आणि बँकेसमोर आडवा पडलाय तो कुणाचा?"

या कामात एक नियम आहे, तो मोडून चालत नाही. खणायला सुरुवात करायच्या आधी झाडाच्या उत्तरेच्या अंगाला, वरच्या काट्यांत, कापडाची एक चिंधी बांधायची. सग्वारोची दक्षिणेची कातडी वर्षानुवर्षं ऊन खाऊन निबर झालेली असते, उत्तरेची कोवळी राहते. नव्या जागी लावताना चिंधी पुन्हा उत्तरेलाच आली पाहिजे. उलटं लावलं तर ती कोवळी बाजू उन्हात भाजून निघते. बरं, झाड लगेच मरत नाही, हा त्यातला खरा त्रास. तीन वर्षं, पाच वर्षं, कधी आठ वर्षं ते मरतच राहतं.

दोन्या ओतिलियाच्या झाडाला मी चिंधी बांधली नाही.

ओतिलिया किहुइस आमच्या समोरच्या घरात राहायला आली तेव्हा बाहत्तर वर्षांची होती, म्हणून सगळे तिला मानाने दोन्या म्हणत. तिचं जुनं घर हमरस्त्याच्या रुंदीकरणात जाणार होतं. सगळा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात गेलेला, त्यामुळे आवाज असा की हाक मारली की दोनशे पोरांनी ताटं घेऊन रांग लावावी. आल्यावर तिसऱ्याच दिवशी ती आमच्या दारात उभी.

"उस्ताद म्हणतात तो तूच का रे?"

"म्हणतात खरं."

"मग ऐक. माझा नवरा मागे राहिलाय त्या घरात. त्याला घेऊन ये."

तिचा नवरा लासारो सहा वर्षांपूर्वीच गेल्याचं मी ऐकलं होतं. माझा चेहरा बघून ती खो खो हसली आणि मग आमच्याच ओट्यावर बसून तिने सगळं सांगितलं. लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हा परसात मेस्कीटच्या झाडाच्या सावलीला मुठीएवढा एक सग्वारो आपोआप उगवलेला होता. लासारोने त्याच्याभोवती तारेचं कुंपण केलं, डुकरं हाकलली, ससे हाकलले. पन्नास वर्षांत तो सात फुटांचा झाला. फूल मात्र अजून एकदाही आलं नव्हतं.

"लासारो म्हणायचा, पहिलं फूल आलं की मी ते तुझ्या केसांत घालीन. आधी केस पांढरे झाले, मग तोच गेला. आता निदान मला तरी ते बघू दे रे. माझ्याकडेही काही फार उन्हाळे शिल्लक नाहीत."

"सात फुटांचा म्हणजे येईलच आता," मी म्हणालो. "दोन वर्षांत नाही तर तीन वर्षांत. माझा शब्द."

शब्द द्यायला काय जातं? मी निवृत्त होऊन वर्ष झालं होतं आणि कुणीतरी पुन्हा काम सांगितलं म्हणून मी हरखलो होतो.

मे महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही गेलो. झाड हलवायच्या सरकारी परवान्याची चकती त्याला अडकवून झाली होती. ट्रेलर माझ्या जुन्या मालकाकडून मागून आणला. ओढायला शेजारचा देल्फिनो आणि त्याचे दोन जावई. देल्फिनोने चाळीस वर्षं शहराची बस चालवली, तेव्हापासून त्याला बोलल्याशिवाय काही हलवता येत नाही. दोन्या ओतिलिया घडीची खुर्ची टाकून सावलीला बसली होती आणि तिथूनच हुकूम सोडत होती.

"हळू रे! कमरेत दुखायचं त्याच्या."

"दोन्या, तिकीट काढलंय ना यांचं?" देल्फिनो म्हणाला. "उभ्याने येणार असतील तर अर्धं लागेल."

"त्याला पुढची सीट दे. तो तुझ्यासारखा मागे बसून वटवट करणारा नव्हता."

सगळे हसले, मीही हसलो. चिंधी माझ्या खिशात होती. मी बाहेर काढली, झाडाकडे पाहिलं आणि परत खिशात कोंबली. तीस-तीस फुटी धूड हलवलेला माणूस मी, या एवढ्याशा पोराला चिंधी कशाला? शिवाय उत्तरेच्या अंगाला, छातीच्या उंचीवर, सुतारपक्ष्याने टोचलेला एक तपकिरी डाग दिसत होता. खूण म्हणून तो पुरे होता. एकतीस वर्षांत मी एकदाही असं केलं नव्हतं. त्या दिवशी केलं, कारण बघायला माणसं होती आणि मला त्यांना दाखवायचं होतं की उस्तादाला चिंध्या लागत नाहीत.

गालिच्याच्या तुकड्यांत गुंडाळून आम्ही झाड आणलं, तिच्या नव्या अंगणात खड्ड्यात उतरवलं, गालिचे सोडले. मी डाग शोधला, सापडला, तो उत्तरेला फिरवून घेतला आणि माती लोटली. तसाच दुसरा डाग झाडाच्या बरोबर मागच्या बाजूला होता, तो मी पाहिलाच नाही. दोन्या ओतिलियाने सगळ्यांना बीन्स आणि तव्याएवढ्या रोट्या वाढल्या आणि मी निघताना बजावलं, "महिनाभर पाण्याचा थेंबही घालायचा नाही, मुळं कुजतात."

जूनच्या मध्यावर पारा एकशे आठ फॅरनहाइटवर गेला. छतावरचे कूलर दिवसभर घरघरत होते आणि कबुतरंसुद्धा सावली सोडत नव्हती. अंपारो भांडी घासता घासता खिडकीतून म्हणाली, "रेमिहिओ, ओतिलियाचं झाड एकाच बाजूने पिवळं का पडतंय?"

"हलवलं की पडतं थोडं."

"मला शिकवू नकोस. हलवल्याचं पिवळं सगळीकडून पडतं, हे तूच मला शंभरदा ऐकवलंयस."

मी रस्ता ओलांडून गेलो. झाडाभोवती एक चक्कर मारली आणि दुसरा डाग दिसला. दक्षिणेची सगळी बाजू, वरपासून कमरेपर्यंत, पिकल्या लिंबासारखी झाली होती.

तेव्हाही काही बिघडलं नव्हतं, हे मला सांगायलाच हवं. चार खांब रोवायचे आणि दक्षिणेच्या बाजूने शेडनेट बांधायचं. दोन उन्हाळे गेले की कोवळी कातडी निबर होते, झाड जगतं. शेडनेटचा अर्धा गठ्ठा माझ्याच शेडमध्ये पडला होता. तासाभराचं काम. पण या शहरात सग्वारोच्या दक्षिणेला जाळी दिसली की शेंबडं पोरही विचारतं, "उलटा लावला का हो?" आणि देल्फिनो तर मला मातीत घालेपर्यंत तेच गाणं गात बसला असता.

तरीही संध्याकाळी मी गेलो. सांगायचंच ठरवून गेलो, वाक्यसुद्धा मनात जुळवून ठेवलं होतं. दोन्या ओतिलिया बागेचा पाइप हातात धरून झाडापाशी उभी होती. देल्फिनो कुंपणाला टेकून बिअर पीत होता.

"आलास, बरं झालं," ती म्हणाली. तो दणदणीत आवाज त्या दिवशी खाली आला होता. "पिवळा पडतोय. खरं सांग, माझ्या पाण्याने का? तू नको म्हणाला होतास. मी घातलं रे. दोनदाच. एवढ्या उन्हात तहानलेला दिसला, राहवेना. लासारो म्हणायचा, ओतिलिया, तुझ्या हाताला पाण्याचा अंदाज नाही. जिरेनियम बुडवलेस, लिंबू बुडवलंस, एक दिवस मलाही बुडवशील."

दोनदा घातलेल्या पाण्याने त्या उन्हात काहीही होत नाही. जमीनच ते पिऊन टाकते. हे मला माहीत होतं. देल्फिनो माझ्याकडे बघत होता, उस्ताद काय म्हणतो ते ऐकायला.

मी म्हणालो, "पाणी जरा जास्त झालं असेल, दोन्या. आता घालू नका."

तिने मान हलवली. नळ बंद केला, पाइप गुंडाळला आणि कुंपणावरून देल्फिनोच्या हातात दिला. "हा तू ने. माझ्या घरात नको." मी तिथेच होतो. तोंड उघडायला मला भरपूर वेळ होता.

घरी अंपारोने विचारलं, "सांगितलंस?"

"तिला वाटतंय पाण्याने झालं."

"तिला वाटतंय, की तू वाटू दिलंस?"

मी जेवायला बसलो. तिने ताट आपटलं. "निदान जाळी तरी लाव, रेमिहिओ. झाडाने तुझं काय घोडं मारलंय?"

"लावतो पुढच्या आठवड्यात."

पुढच्या आठवड्यात माझी पाठ धरली. त्याच्या पुढच्या आठवड्यात मी म्हटलं, आता पावसाळी ढग येतीलच, ऊन उतरेल. ढग आले, दुपारी गडगडले आणि डोंगरापलीकडे जाऊन बरसले. सप्टेंबरपर्यंत पिवळ्याचं तपकिरी झालं आणि कातडी भेगाळलेल्या टाचेसारखी टणक झाली. मग जाळी लावून उपयोग नव्हता आणि खरं सांगायचं तर, मला सुटल्यासारखं वाटलं. आता काही करायचंच उरलं नव्हतं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची मला आज जास्त लाज वाटते.

दोन्या ओतिलियाने त्यानंतर कशालाच पाणी घातलं नाही. लोकांनी दिलेली रोपं ती हात मागे घेऊन नाकारायची. "मला नको बाई, माझा हात वाईट आहे." अंपारोने एकदा वीतभर मिरचीची कुंडी नेली होती, तीही परत आली. सकाळी मात्र ती खुर्ची घेऊन झाडाच्या उत्तरेला बसायची, जी बाजू अजून हिरवी होती तिच्याकडे तोंड करून, आणि लासारोशी बोलावं तसं काहीबाही बोलायची. लावा पक्ष्यांची आई पंधरा-सोळा पिलं घेऊन तिच्या पायाशी रांगेने जायची, त्यांना ती दाणे टाकायची. मी हात हलवायचो. ती हाक मारायची, "उस्ताद, आज जरा बरा वाटतोय ना रे?" आणि मी म्हणायचो, "हो, बरा वाटतोय." तीन वर्षं मी हे म्हणत होतो.

तिसऱ्या वर्षी एप्रिलच्या शेवटी कळ्या आल्या. दोनच. शेंड्याला, हिरव्या बाजूने, अंगठ्याएवढ्या. तिच्या आरोळीने अख्खी गल्ली बाहेर आली. देल्फिनोने शिडी आणली आणि तिला वर चढायला हात दिला, तिचे गुडघे दुखरे असताना! वर चढून ती एवढंच म्हणाली, "लासारो, आल्या रे." मला तिथून पळून जावंसं वाटलं आणि त्याच वेळी वाटलं, कदाचित मी वाचलो. फूल आलं, तिने पाहिलं, की माझ्या चुकीचं ओझं थोडं तरी उतरेल. माणूस स्वतःला किती स्वस्तात सोडवायला बघतो!

सग्वारोचं फूल पहाटे पूर्ण उमललेलं असतं आणि दुपारी मिटतं. त्यामुळे देल्फिनोने रोज शिडीवर चढून अंदाज घ्यायचा असं ठरलं. एका संध्याकाळी तो म्हणाला, "उद्या. नक्की उद्या." दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही सगळे कॉफीचे पेले घेऊन तिच्या अंगणात जमलो. ती निळा झगा घालून, केस विंचरून आली होती. केसांना लावायची पिन तिच्या हातात होती. देल्फिनो वर चढला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. तो बोलत नाही म्हटल्यावर आम्ही समजलो.

कळ्या न उमलताच वाळल्या होत्या. एक त्याच्या हातात गळून आली. आतून झाड इतकं पोखरलं होतं की दोन फुलांपुरताही रस वर चढला नाही.

दोन्या ओतिलियाने ती वाळकी कळी घेतली, बघितली आणि झाडाला म्हणाली, "माफ कर हं, म्हाताऱ्या. मीच केलं हे." मग आमच्याकडे वळून, "कॉफी गार होतेय तुमची, प्या." मी प्यालो. सगळ्यांच्या देखत उभा राहून मी ती कॉफी संपवली. अंपारो तिथून सरळ घरी निघून गेली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

ऑगस्टमध्ये एका दुपारी वावटळ आली, तिच्यामागून पाऊस, आणि झाड पडलं. मी आणि देल्फिनोने तुकडे करून उचललं. आतला गर काळा पडून कुजला होता, वास येत होता. कातडीचे तुकडे मी स्वतः फावड्याने भरून कचऱ्यात टाकले. आठवड्याभरात अंगणात झाडाच्या आतल्या नुसत्या लाकडी फासळ्या राहिल्या, उन्हात पांढऱ्या पडलेल्या. त्यांना ना उत्तर होती ना दक्षिण.

मग दोन्या ओतिलिया खचली. स्वयंपाकघरात दोनदा पडली. तिची मुलगी ग्रासिएला मेसा शहरातून आली आणि म्हणाली, आता आई माझ्याकडे. ऑक्टोबरमधल्या रविवारी निघायचं ठरलं. त्या सकाळी अंपारोने माझा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला आणि म्हणाली, "आज तू सांगतोस, नाही तर मी सांगते. ती हे डोक्यावर घेऊन जाता कामा नये."

सामान गाडीत चढलं होतं. गल्लीतले सगळे निरोपाला आले होते. दोन्या ओतिलिया पुढच्या सीटवर बसली होती, दार उघडं. मी तिच्यासमोर दगडगोट्यांत गुडघ्यावर बसलो, कारण उभं राहून मला ते जमलं नसतं.

"दोन्या, झाड मी मारलं. तुम्ही नाही. मी ते उलटं लावलं. चिंधी बांधली नव्हती. उत्तरेची बाजू दक्षिणेला आली आणि भाजली. पाण्याचा काही संबंध नव्हता. पहिल्याच महिन्यात मला कळलं होतं आणि मी बोललो नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. शिव्या देईल, थोबाडीत मारेल म्हणून मी वाट बघत होतो. मला ते हवं होतं. तिने माझ्या गालावर हात ठेवला.

"किती रे चांगला तू," ती म्हणाली.

"दोन्या, मी खरं सांगतोय."

"एकतीस वर्षं हेच काम केलेला माणूस उलटं लावेल? कुणाला सांगतोस?"

"लावलं. दोन डाग होते झाडाला, मी एकच पाहिला."

"कुठायत डाग? दाखव."

मी अंगणाकडे बघितलं. दाखवायला काही नव्हतं. सगळं मीच फावड्याने भरून टाकलं होतं.

"खरं बोलतोय तो, ओतिलिया," अंपारो मागून म्हणाली. "मला पहिल्यापासून माहीत आहे. मी पण बोलले नाही."

"तू त्याचीच बायको, तू दुसरं काय म्हणणार? चांगली जोडी जमलीय तुमची." ती हसली. मग माझ्याकडे वाकून, एखाद्या मुलाला समजवावं तशी हळू म्हणाली, "हे बघ, रेमिहिओ. त्या पहिल्या वर्षी जूनमध्ये मी तुला विचारलं, तेव्हा तू काय म्हणालास? पाणी जास्त झालं. तेव्हा तुला माझी कीव येत नव्हती, म्हणून तू खरं बोललास. आज मी म्हातारी घर सोडून चाललेय म्हणून तू हे बोलतोयस. मला कळत नाही होय?"

माझाच शब्द होता तो, आणि तिने तो तीन वर्षं जपून ठेवला होता.

"ऐकलंस, ग्रासिएला?" ती मुलीला म्हणाली. "असे शेजारी आहेत का तुमच्या मेसाला? माझा दोष अंगावर घ्यायला निघालाय हा." देल्फिनोने माझ्या पाठीवर थाप मारली. त्याचे डोळे भरले होते. मी त्याला म्हणालो, "देल्फिनो, खरंच उलटं लावलं होतं मी," तर तो म्हणाला, "हो रे बाबा, हो," आणि मला हाताला धरून उठवलं.

ग्रासिएलाने दार लावलं आणि गाडी सुरू केली. दोन्या ओतिलियाने काच खाली केली.

"तुम्ही कुणी काळजी करू नका," तो जुना दणदणीत आवाज काढून ती सगळ्यांना म्हणाली. "मी पोरीला आधीच सांगून ठेवलंय. तिच्या बागेत मला पाऊल टाकू द्यायचं नाही."